ट्रकला कमी टेम्परेचरचा थर्मोस्टॅट टाकायचाय? आधी हे तपासा, मग वॉल निवडा

घाटात गाडी गरम व्हायला लागली की ढाब्यावर, गॅरेजात, जिथे विचाराल तिथे सल्ला ठरलेला असतो, वॉल काढून टाक, नाहीतर कमी डिग्रीचा वॉल टाक. वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. नवीन गाडी घेतलेला माणूस किंवा पहिल्यांदाच जुना ट्रक घेऊन धंद्यात उतरलेला पोरगा हे ऐकून थेट दुकानात जातो आणि "कमीवाला द्या" म्हणून कुठलाही घेऊन येतो. म्हणून हे सगळं एकदा सरळ लिहून काढतोय. जास्त करून जुन्या गाड्यांसाठी, म्हणजे बीएस३ (धुराच्या प्रदूषणाच्या सरकारी नियमांचा जुना टप्पा) आणि त्याआधीची सहा सिलेंडर डिझेल इंजिनं, मेकॅनिकल डिझेल पंपवाली. बीएस६ चा विषय वेगळा आहे, त्याचं खाली सांगतो.

आधी हा वॉल करतो काय ते समजून घ्या, कारण ते कळलं की अर्धे सल्ले आपोआप गळून पडतात.

इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर हा बसतो. आतल्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. ठरलेल्या टेम्परेचरला मेण वितळतं, फुगतं, पिन ढकलतं आणि झडप उघडते, पाणी थंड झालं की स्प्रिंग झडप परत बंद करते. वॉलवर ८२ छापलं असेल तर ८२ च्या आसपास झडप उघडायला सुरुवात होते, आणि पूर्ण उघडायला अजून साधारण १० ते १५ डिग्री लागतात, म्हणजे ९५ च्या जवळ ती पूर्ण उघडलेली असते. झडप बंद असते तोवर पाणी बायपासनं, म्हणजे रेडिएटर टाळणाऱ्या छोट्या वाटेनं, इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थर्मोस्टॅट इंजिनाचं टेम्परेचर किती खाली जाऊ द्यायचं ते ठरवतो, किती वर जाऊ द्यायचं ते नाही. वरची बाजू सांभाळणं हे रेडिएटर, फॅन, वॉटर पंप आणि पाण्याचं काम. समजा खोपोलीवरून लोड कंटेनर घेऊन बोरघाट चढताय आणि इंजिन जेवढी उष्णता पाण्यात टाकतंय तेवढीच रेडिएटर बाहेर फेकतोय असा तोल ९९ डिग्रीला जाऊन बसतोय, तर ८२ चा वॉल असला काय आणि ७१ चा असला काय, दोन्ही तोवर पूर्ण उघडलेलेच आहेत, काटा ९९ लाच जाणार.

त्यात अजून एक आहे. रेडिएटर किती उष्णता फेकणार हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर असतं. मे महिन्यात चंद्रपूरला ४५ डिग्रीच्या हवेत पाणी ९५ वर असेल तर फरक ५० चा, आणि पाणी ७५ वर असेल तर फरक फक्त ३० चा. म्हणजे ७५ वर तोच रेडिएटर जवळपास ४० टक्के कमी उष्णता बाहेर टाकणार. लोड गाडीला चढावर ते पुरत नाही, म्हणून पाणी वर चढतं, तोल बसेपर्यंत. वॉल कितीचा आहे हे रेडिएटरला माहितीच नसतं.

मग कमी डिग्रीच्या वॉलनं काहीच होत नाही का? होतं, पण थोडं. सपाट रस्त्यावर गाडी ८४-८५ च्या ऐवजी ७८ वर चालते, म्हणजे घाट सुरू होताना तुमच्या हातात सहा-सात डिग्री शिल्लक असतात. इंजिनाचं लोखंड आणि पाणी तेवढं तापायला मिनिट-दोन मिनिटं जास्त लागतात. छोटा, उभा चढ असेल तर ही सवलत कामाला येते, चढ संपेपर्यंत काटा लालपर्यंत पोचतच नाही. कसारा किंवा आंबा घाटासारखी लांब चढण असेल तर ती सवलत पहिल्या काही वळणांतच संपते.

मोबाईलवर दिसणारे "१६० चा टाका, पॉवर वाढते" असले व्हिडिओ बहुतेक अमेरिकन पेट्रोल पिकअपचे असतात, हे लक्षात ठेवा. तो १६० फॅरेनहाइट आहे, आपल्या ७१ डिग्री. त्यांचा १८० म्हणजे ८२ आणि १९५ म्हणजे साधारण ९१. पेट्रोल इंजिनात जास्त गरमीनं नॉकिंग होतं (पेट्रोल वेळेआधी, ठोके मारत जळतं), मग ट्यूनिंग करणारे टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे घेता यावी म्हणून इंजिन थोडं थंड ठेवतात. डिझेलला हा हिशोब लागूच नाही. डिझेल दाबाच्या गरमीवरच पेटतं, त्याला थंड करून पॉवर मिळत नाही.

पहिलं काम, गाडी खरंच गरम होते का ते बघा

काट्यावर एकदम विश्वास ठेवू नका. जुन्या गाडीत सेन्सर, अर्थ आणि मीटर तिन्ही थकलेले असतात. हार्डवेअरच्या दुकानात टेम्परेचर गन मिळते, ती घ्या, पुढेही कामाला येते. गाडी चढावरून आली की इंजिन चालू ठेवून थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर, म्हणजे तो ज्या कव्हरात बसतो त्यावर, मारा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर गन कमी रीडिंग दाखवते म्हणून तिथे आधीच काळी टेप किंवा काळ्या रंगाचा एक ठिपका लावून ठेवा आणि त्यावरच मोजा. मग रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) मोजा, खालचा होज मोजा.

वरचा होज चांगला तापलेला आणि खालचा त्यापेक्षा थोडा थंड, म्हणजे पाणी फिरतंय, वॉल उघडतोय. हाउसिंगच्या इंजिनाकडच्या बाजूला १०० आणि वरचा होज अजून कोमट, म्हणजे वॉल चिकटलाय. अशा गाडीला कमी डिग्रीचा नाही, नुसता नवीन वॉल पाहिजे. आणि बघाल तर गॅरेजात "कमीवाला टाकला आणि फरक पडला" म्हणणाऱ्यांच्यात असे बरेच असतात, त्यांचा जुना वॉलच खराब होता, कुठलाही नवा टाकला असता तरी फरक पडलाच असता.

दुसरं काम, बाकीचं सगळं तपासा

हे कंटाळवाणं आहे पण खरा इलाज इथेच सापडतो, म्हणून घाई करू नका.

रेडिएटर बाहेरून. टर्बो गाडीत इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) पुढे आणि रेडिएटर मागे असतो, त्या दोघांच्या मधे धूळ, भुसा, कापसाचे तंतू, किडे यांचा थर बसतो आणि तो समोरून दिसतच नाही. ऊस, कडबा, कापूस वाहणाऱ्या गाड्यांना तर नक्कीच. दोघांच्या मधली जागा मोकळी करून टॉर्च मारून बघा. पाणी मारताना इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला आणि कमी प्रेशरनं मारा, सर्व्हिसिंग सेंटरचा फवारा जवळून मारला की पात्या आडव्या होतात आणि मग हवाच जात नाही.

रेडिएटर आतून. बोरचं पाणी टाकायची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे, त्यातला क्षार नळ्यांत आणि लायनरभोवती (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीभोवती) बसतो. लीकेज बंद करायला हळद टाकायचा प्रकारही चालतो, वाटेत अडकलात तर गावापर्यंत पोचायला ठीक आहे, पण नंतर फ्लश केलं नाही तर तीच हळद गाळ होऊन नळ्या आणि वॉल दोन्ही जाम करते. गन मारत रेडिएटरभर फिरवा, एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा फारच थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

रेडिएटरचं झाकण. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. झाकण ०.९ बारचं असेल आणि नीट प्रेशर धरत असेल तर आतलं साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं. रबर गेलं असेल तर तेच पाणी १०० ला उकळणार, महाबळेश्वरच्या उंचीवर ९६ च्या आसपासच. गाडी "पाणी फेकते" अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा झाकण बदला, तेवढ्याच बारचं, जास्तीचं लावून रेडिएटर फाडू नका.

फॅन बेल्ट ढिला आहे का, व्हिस्कस फॅन (गरम झाल्यावरच पूर्ण जोरात फिरणारा) असेल तर गरम गाडीत तो जोर धरतो का, रेडिएटर आणि फॅनमधली कव्हर शाबूत आहे का (फुटली म्हणून काढून फेकलेली असते, आणि मग फॅन तीच गरम हवा परत परत ओढत बसतो), वॉटर पंपाची पाती झिजलीत का, खालचा होज आतून सोलून चिकटतोय का. ब्रेक चिकटतायत का हेही बघा, चाकाचा ड्रम हात लावता येत नाही इतका तापत असेल तर इंजिन विनाकारण ओढतंय.

चालू इंजिनात रेडिएटरच्या पाण्याच्या टाकीत एकसारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचा) संशय धरा. तिथे कुठलाच वॉल मदत करणार नाही.

आणि ड्रायव्हिंग. चढावर मोठ्या गिअरला इंजिन घुसमटवत नेलं की उष्णता पूर्ण तयार होते पण पंप आणि फॅन हळू फिरतात, दोन्ही आरपीएमवर चालतात ना. एक गिअर खाली घेऊन इंजिन मोकळं फिरू द्या, बऱ्याच गाड्यांचा काटा एवढ्यानंच खाली येतो. ड्रायव्हर डिझेल वाचवायला म्हणून वरच्या गिअरला धरतात, त्यांना हे बसून समजावून सांगा, रागावून उपयोग नाही.

वॉल काढून टाकू नका

यावर वेगळं लिहितोय कारण हा प्रकार सगळीकडे चालतो आणि यानं इंजिनं लवकर खलास होतात. ट्रकच्या बऱ्याच थर्मोस्टॅटना दोन झडपा असतात, वरची रेडिएटरची वाट उघडते तेव्हा खालची चकती बायपास बंद करते. वॉल काढला की बायपास कायमचा उघडा, मग बरंच पाणी रेडिएटरला न जाता शॉर्टकटनं परत इंजिनात. म्हणजे सपाटीला इंजिन थंडच राहतं आणि घाटात, जिथे सगळं पाणी रेडिएटरला जायला पाहिजे तिथेच, गाडी आधीपेक्षा जास्त गरम होते. काही मेस्त्री मग बायपासला लाकडी गुट्टा मारतात, तो कधी निसटेल आणि कुठे अडकेल सांगता येत नाही.

थंड इंजिनाचं नुकसान दिसत नाही म्हणून लोकांना पटत नाही. थंड लायनरवर डिझेल नीट जळत नाही, कच्चं डिझेल भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. ज्वलनातली वाफ थंड भिंतीवर जमते आणि गंधकाबरोबर आम्ल बनून लायनर आणि रिंगा खाते. ऑइल पुरेसं तापत नाही म्हणून त्यातलं पाणी उडत नाही, काळा चिखल जमतो. अ‍ॅव्हरेज पडतं. बऱ्याच इंजिन कंपन्यांची मॅन्युअल ७० च्या आसपासच्या खाली इंजिन सतत चालवू नका असं सांगतात, ते उगाच नाही.

तिसरं काम, जुना वॉल काढा, वाचा, उकळून बघा

इंजिन पूर्ण थंड. गरम गाडीचं झाकण उघडून हात, तोंड भाजलेली माणसं प्रत्येक अड्ड्यावर भेटतील, त्यामुळे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी उघडा. पाणी हाउसिंगच्या खालपर्यंत काढा, कूलंट असेल तर स्वच्छ बादलीत धरा, उघड्यावर सोडू नका, ते गोड असतं म्हणून कुत्री-जनावरं चाटतात आणि मरतात. बोल्ट सोडताना कुठला लांब कुठला आखूड ते लक्षात ठेवा, वॉल कुठल्या बाजूनं बसलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा.

वॉलच्या कडेवर किंवा डबीवर टेम्परेचर आणि पार्ट नंबर कोरलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या डिझेल ट्रकांत तो बहुतेक वेळा ८० च्या आसपास निघतो. इथेच काहींचा प्रश्न सुटतो, कारण आधीच्या मालकानं भलत्याच गाडीचा ८८ किंवा ९२ चा टाकलेला सापडतो. तसं असेल तर कंपनीचा जो आकडा आहे त्यावर परत या, बास.

मग पातेल्यात पाणी, त्यात वॉल दोऱ्यानं लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर सोडा (डिजिटल, स्वयंपाकाचा चालतो, तापाचा नाही). पाणी हळूहळू तापवा, ढवळत रहा. झडप कधी हलायला लागते तो आकडा लिहा, पूर्ण उघडल्यावर किती मिलिमीटर उघडते ते मोजा आणि मॅन्युअलशी जुळवा. गॅस बंद केल्यावर ती परत पूर्ण मिटते का हेही बघायचं, लोक हे विसरतात. पुणे, नाशिक समुद्रापासून साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर वर आहेत, तिथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं, त्यामुळे ८८ चा वॉल पातेल्यात पूर्ण उघडला नाही तर तो खराब आहे असं समजू नका, पाणीच तेवढं तापत नाही.

नवीन आणलेला वॉलसुद्धा बसवायच्या आधी असाच उकळून बघा. डुप्लिकेट माल भरपूर आहे, छापलेलं ७६ आणि उघडतो ८५ ला.

चौथं काम, आता निवड

एवढं सगळं करून गाडी ठीक झाली असेल तर कंपनीच्या आकड्याचाच वॉल घ्या, दुसरा विचार नको. बहुतेक गाड्यांचं उत्तर हेच असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

कमी डिग्रीचा कुणी घ्यावा? मेकॅनिकल डिझेल पंपाची जुनी गाडी, विदर्भ-खानदेशासारखा उन्हाळा किंवा कोकणातून वर येणारा छोटा पण उभा चढ, गाडी कायम लोड, बाकी सगळं तपासून झालेलं, आणि तरी चढाच्या शेवटच्या टप्प्यात काटा लालजवळ जातोय. अशा गाडीला एक पायरी खाली या, ८२ असेल तर ७६ च्या आसपासचा. एकच पायरी. थेट ७१ ला जाऊ नका, कारण हिवाळ्यात रिकाम्या परतीला किंवा उतारावर ती गाडी ७० च्या वर टिकणार नाही. लोकल फेऱ्या, पाच किलोमीटर जाऊन अर्धा तास उभी, अशा कामाच्या गाडीला तर कमीचा अजिबात नको, ती आधीच कधी नीट तापत नाही.

इलेक्ट्रिक फॅन लावलेला असेल तर त्याचा स्विच कितीला चालू होतो ते बघा. वॉल पूर्ण उघडायच्या टेम्परेचरच्या आसपास किंवा थोडा वर असावा. फॅन वॉल उघडायच्या आधीच चालू होत असेल तर नुसती बॅटरी खातो.

दुकानात नुसतं "ट्रकचा ७६" म्हणून मागू नका, जुना वॉल हातात घेऊन जा. चार गोष्टी शेजारी ठेवून जुळवा: कडेच्या चकतीचा व्यास, एकूण उंची, खालची बायपासची चकती आहे का आणि तिचा व्यास, आणि कडेच्या चकतीवर ती छोटी हलणारी पिन असलेलं भोक आहे का. उंचीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला तरी बायपास नीट बंद होत नाही आणि मग वॉल काढल्यासारखीच गत. मोठ्या इंजिनात दोन-दोन वॉल असतात, तिथे दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा नको. मूळचे दोन वेगवेगळ्या आकड्याचे असतील तर ते मुद्दाम तसे असतात, तसेच ठेवा.

पाचवं काम, बसवणे

मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाकडे. उलटा बसला तर डबीला गरम पाणी लागत नाही, वॉल उघडत नाही आणि पहिल्याच चढावर हेड जातं. पिनवालं भोक वरच्या बाजूला, त्यातून हवा निघते. बसायची खाच पूर्ण खरवडून साफ, जुन्या पॅकिंगचा कण राहू देऊ नका. पॅकिंग किंवा रिंग नवीन, सिलिकॉन लावलंच तर पातळ, जास्त लावलेलं आत सुटून रेडिएटरात जातं. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळा.

पाण्याचं म्हणाल तर नुसतं बोरचं पाणी बंद करा. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, मॅन्युअलच्या प्रमाणात. आपल्याकडे बर्फाची भीती नाही तरी कूलंट पाहिजे, कारण तो गंज थांबवतो, उकळबिंदू वाढवतो, आणि वेट लायनरच्या (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं) बाहेरच्या अंगाला जी बारीक भोकं पडतात त्यापासून वाचवतो.

भरताना घाई नको. हीटर असेल तर पूर्ण उघडा, शक्य असेल तर गाडीचं तोंड चढाकडे करा, हळूहळू भरा, हवा काढायचे स्क्रू असतील ते उघडून पाणी सलग यायला लागलं की बंद करा. इंजिन सुरू करून वॉल उघडेपर्यंत चालवा, वरचा होज एकदम गरम झाला की तो उघडला. बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि परत लेव्हल बघा, बहुतेक वेळा अजून पाणी लागतं. आत हवा राहिली तर सेन्सरला हवाच लागते, काटा थंड दाखवतो आणि इंजिन मात्र शिजत असतं.

बीएस६ वाल्यांसाठी

१ एप्रिल २०२० नंतरच्या गाडीत हे काही करू नका. तिथे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पाण्याच्या टेम्परेचरवर सतत नजर ठेवून असतो. डिझेल किती सोडायचं, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारी झडप) कधी उघडायचा, डीपीएफ (धुरातली काजळी धरणारा फिल्टर) कधी जाळून साफ करायचा हे सगळं त्यावर ठरतं. इंजिन अपेक्षित टेम्परेचरला पोचलं नाही की चेक लाइट लागते, डीपीएफचं साफ होणं अडतं, वॉरंटीत भांडण होतं ते वेगळं. गाडी गरम होत असेल तर स्कॅनर लावून कारण शोधा आणि वॉल बदलायचा असेल तर त्याच पार्ट नंबरचा.

बसवल्यानंतर

पहिले काही फेरे वही ठेवा. सपाटीला किती, ठरलेल्या घाटात ठरलेल्या वळणावर किती, आणि फुल टाकी ते फुल टाकी अ‍ॅव्हरेज. काट्यासमोर काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवली तर ड्रायव्हरलाही कळतं. सकाळी पांढरा धूर आधीपेक्षा जास्त वेळ राहतोय का, डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसतंय का आणि त्याला डिझेलचा वास येतोय का, ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर साय जमतेय का, हे बघत रहा. यातलं काही दिसलं तर वॉल तुमच्या कामासाठी जास्तच थंड आहे.

म्हणून जुना वॉल पातेल्यात पास झाला असेल तर फेकू नका. पुसून, पिशवीत घालून, त्यावर आकडा लिहून टूलबॉक्समध्ये ठेवा. दिवाळीनंतर थंडी पडली की तो परत बसवा आणि मार्चमध्ये कमीवाला, अर्ध्या तासाचं काम आहे. पॅकिंग मात्र दर वेळी नवीन.